राखाडी चौकोन

"...पण सर्वांसाठी खुला आहे, असं तुम्हीच लिहिलंय ना सर? मग आम्हालाच का बंद केलं?"

सन्मती आवटी दारातूनच बोलत होता. घरपोच सामान पोचवणारं त्याचं ॲप जिल्हाभर गाजत होतं, आणि परवा दुपारपासून त्यातला नकाशाच गायब झाला होता.

मुजावर सरांनी त्याला आठवीत भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतर सर आणि त्यांचे चार मित्र वाड्यावस्त्या पायी तुडवून नकाशा काढत. सरांच्या मागच्या खोलीतल्या सर्व्हरवरून तो कुणालाही फुकट मिळे.

"सर्वांसाठी आहे," सर म्हणाले. "म्हणूनच तुला बंद केलं."

सन्मतीला हसू आलं. परवा पुरात लोकांनी दूध, औषधं त्याच्याच ॲपवरून मागवली होती. तेही त्याने ऐकवलं.

सरांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

ओळींमागून ओळी, प्रत्येक ओळ म्हणजे नकाशासाठी आलेली एक मागणी. बाजारपेठेच्या नकाशाचा तोच तो तुकडा, एका दुपारी चार लाख वेळा मागितलेला.

सन्मती समजून चुकला. एकदा मिळालेला तुकडा फोनमध्येच जपून ठेवायची सोय करायला त्याच्या माणसांनी आठ दिवस मागितले होते. फुकट तर मिळतोय, असं म्हणून त्यानेच ते काम मागे ढकललं होतं.

सरांचं बोट त्या गर्दीतल्या एका ओळीवर थांबलं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. मळीची वाडी.

ही मागणी बचावपथकाच्या होडीतून आली होती. सर्व्हर तेव्हा पुरता गुदमरला होता. होडीतल्या फोनवर नकाशा उमटलाच नाही, नुसते राखाडी चौकोन दिसत राहिले. होडी ओढ्याच्या डाव्या फाट्याला लागली. वाडी उजवीकडे होती, तिथे लोक एका छपरावर अडकले होते. वळून पोचेपर्यंत पाऊण तास गेला. सरांनी हे सगळं वर्गात धडा सांगावा तसं, एका सुरात सांगितलं.

"छपरावर किती जण होते?"

"चार."

सन्मतीने पुढचं विचारलं नाही...

"मला एक फोन करायचा होतात, सर."

"कुणाला करणार? तुझ्या मागण्यांवर ना नाव होतं, ना पत्ता. बंद केल्यावर तू भांडायला आलास, तेव्हा कळलं कोण ते."

सन्मती खाली बसला. तुकडे जपून ठेवू, मागणीवर नाव घालू, गर्दीसाठी स्वतःचा सर्व्हर उभा करू, असं तो भराभर सांगत सुटला. सर ऐकत राहिले. हे सगळं झालं की वाट पुन्हा उघडेन, म्हणाले.

मग स्वतःशीच बोलल्यासारखं ते म्हणाले, की भार तीन दिवस आधीच दिसला होता. कुणाला नाही म्हणायचं नाही, ही त्यांची मिजास. होडीवाल्यांचा निरोप आला, तेव्हा कुठे हात बंद करायच्या कळीवर गेला.

"म्हणजे... चूक माझी का तुमची, सर?"

सरांनी संगणक मिटला. चपला पायात सरकवल्या.

"छपरावरची एक बाई उरलीय. चल, तिला विचारू."