पातेल्याचा तळ

फार पूर्वी एका गावात एक कासारीण राहायची. दारोदार बांगड्या भरायची आणि चार पैसे गाठीला बांधून घरी यायची. घरात सासू, वर्षाचा मुलगा आणि एक शेळी. त्या शेळीच्या दुधावरच पोर वाढत होतं.

पोराचं जावळ ठरलं. साखर-फुटाणे वाटून भागलं असतं की! पण शेजारणीने आपल्या मुलाच्या जावळाला लापशीचं जेवण घातलं होतं ना! मग हिलाही लापशीच हवी. तेवढा गूळ कुठून आणायचा?

नुकतंच वेशीपाशी एका परक्या व्यापाऱ्याने दुकान थाटलं होतं. मागायच्या आत द्यायचा आणि सारखा हसायचा. मला तर बाई त्या हसण्याचाच संशय आला असता.

"ताई, अख्खी ढेप न्या! पुढच्या बाजारी परत करा."

"आणि वर काय द्यायचं?"

"छे छे, वर कसलं? हे पातेलं घ्या. परत आणताना तेवढं रिकामं आणू नका, तळ झाकेल एवढा गूळ असू द्या. आपल्यात रीतच आहे ना?"

रीत होतीच. शेजारणीचं भांडं त्या गावात कुणी रिकामं धाडत नसे. कासारणीला त्यात व्याज दिसलंच नाही.

सासूने पातेलं उलटंसुलटं करून पाहिलं. "सूनबाई, हा आपला शेजारी कधीपासून झाला गं?"

"तुम्हाला ना आत्याबाई, सगळ्यांतच काळंबेरं दिसतं!"

लापशी झाली, गाव जेवून गेलं. बाजारचा दिवस आला, पण ढेपेपुरते पैसे जमले नव्हते. ती नुसता तळापुरता गूळ घेऊन गेली.

"असू द्या हो, ढेप पुढच्या बाजारी," व्यापारी म्हणाला. पण या खेपेला त्याने हातात दिलं ते पातेलं जरा मोठं होतं.

पुढे कढई आली, मग परात आली. तळ वाढत गेला, तसा गूळही वाढत गेला. शेवटी तळ झाकायचा गूळसुद्धा ती त्याच्याकडूनच उसना आणू लागली. सासू नुसती शेळीकडे बघत बसायची.

आणि एक दिवस तो दारात आला, लग्नातली भलीमोठी काहील घेऊन! "तळ झाका, नाहीतर शेळी सोडून नेतो."

"अरे बाबा, दोन ढेपांचा गूळ तरी दिला असेल मी तुला!"

"तो तळाचा झाला, ताई. ढेप अजून तशीच बाकी आहे." तो अजूनही हसत होता.

शेळी गेली. संध्याकाळी पोर रिकामी वाटी घेऊन खुंट्यापाशी रांगत गेलं, आणि कासारीण तोंडाला पदर लावून रडली.

दुसऱ्या दिवशी शेजारीण त्या दुकानातून तेच लहानसं पातेलं घेऊन निघालेली दिसली. कासारणीने धावत जाऊन तिचा हात धरला. "थांब गं! आधी त्याला विचार, पुढच्या बाजारी पातेलं केवढं असेल?"

शेजारणीने मागे वळून विचारलं. तेव्हा कुठे त्या व्यापाऱ्याचं हसू मावळलं. शेजारणीने पातेलं तिथेच ठेवलं आणि ती घरी गेली.

तात्पर्य काय, तर मागायच्या आत देणारा किती देतो ते पाहून हुरळू नये. फेडायला उशीर झाला तर तो काय काय मागेल, ते घेण्याआधीच विचारावं.