साखळदंड आधी की वस्तरे?

डोंगरी किल्ल्यांवर हत्ती झुलत होते, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर नीट ऐकावी.

एका किल्ल्याच्या पायथ्याशी एक लोहार राहत असे. हात कसलेला, मान ताठ. पणजोबाने मांडलेली भट्टी तो चालवी आणि किल्ल्याचं सगळं लोखंडकाम त्या भट्टीवरच होई. तो घण घाली, धाकटा भाऊ भाता ओढी. घडवलेली वस्तू मग बायकोकडे जाई. ती पायाने साण फिरवी, धार लावी. भट्टी एकच होती, साणही एकच.

एका वर्षी महाराजांनी मोहीम काढली. आठ-आठ दिवसांनी एकेक तुकडी निघायची होती. प्रत्येक तुकडीसाठी तीन कामं होती. हत्तीचा साखळदंड, लाकूडतोड्यांच्या कुऱ्हाडी आणि न्हाव्यांचे वस्तरे. लोखंड पहाटे गडावरून उतरे. तयार माल सूर्यास्ताआधी गडावर चढायचा, कारण सूर्य बुडाला की दरवाजा बंद.

लोहाराने रीतीप्रमाणे काम लावलं. हत्ती महाराजांचा, म्हणून साखळदंड पहिला. मग कुऱ्हाडी. न्हाव्यांचे वस्तरे शेवटी. कुणाचा मान कितवा, हे त्याच्या घराण्यात तोंडपाठ होतं.

साखळदंड घडवता घडवता सूर्य डोक्याकडे आला. तोवर साण गप्प होती. बायको हात बांधून बसली होती. साखळदंड तिच्याकडे आला, तिने कड्यांची टोकं घासली आणि घटकाभरात तो बाजूला ठेवला. पुन्हा ती बसून राहिली. मग कुऱ्हाडी आल्या. त्यांना धार लावायला वेळ लागला. त्या संपत आल्या तेव्हा वस्तऱ्यांचा ढीग तिच्यापुढे पडला. वस्तरा घडवायला थोडा वेळ, पण त्याला पाणीदार धार लावायची म्हणजे साणेवर बसून राहावं लागतं. सूर्य बुडाला, दरवाजा लागला आणि वस्तरे साणेवरच राहिले.

तुकडी एक दिवस अडकली. किल्लेदार स्वतः खाली उतरला.

"लोहारा, तुझा पणजोबा चांगला होता म्हणून एकदा सोडतो. पुढच्या खेपेला उशीर झाला, तर ही भट्टी नदीपलीकडच्या लोहाराची."

"होय सरकार," लोहार म्हणाला. किल्लेदार गेल्यावर तो बायकोवर घसरला. "तुझे पाय चालत नाहीत. साण फिरवतेस की झोका घेतेस?"

"अहो, सकाळभर मला काम कुठे होतं? ते वस्तरे आधी द्या माझ्याकडे. तुम्ही साखळदंड ठोकाल तोवर मी धार लावीन."

"महाराजांच्या हत्तीच्या आधी न्हाव्याचा वस्तरा? लोक तोंडात शेण घालतील."

"आणि भट्टी गेल्यावर काय घालतील, पेढा?"

लोहाराने मोठा घण उचलला. हात जोरात चालवला की भागेल, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या तुकडीच्या हत्तीच्या पायाचं माप घ्यायला तो नदीवर गेला. हत्ती पाण्यात उभा होता. लोहाराने वाकून दोरी गुंडाळली आणि म्हणाला, "गजराज, काळजी नसावी. तुमचा साखळदंड मी सगळ्यांत आधी घडवणार. मान तुमचा पहिला."

हत्तीने सोंडेतलं पाणी पाठीवर उडवलं. "म्हणजे माझ्या पायातली बेडी आधी, हा माझा मान?"

लोहार गोंधळला. "तशी रीत आहे."

"रीत तुझी. मी दिवसभर नदीत असतो. बेडी पायात पडते ती संध्याकाळी. उशिरा आणलीस तर मी काही रुसणार नाही."

लोहार घरी आला. जेवण झाल्यावर म्हणाला, "उद्या वस्तरे आधी." बायकोने वर काही ऐकवलं नाही. शहाणी होती.

पहाटे लोखंड उतरलं. लोहाराने वस्तरे घडवले आणि साणेकडे दिले. साण फिरू लागली. तिचा आवाज चालू असतानाच त्याने कुऱ्हाडी तापवल्या. त्या घडवून झाल्या, तरी बायकोचे वस्तरे चालूच होते. दोघांनाही मान वर करायला सवड नव्हती.

एवढ्यात गडावरचा हवालदार आला. त्याने चहूकडे पाहिलं.

"हत्तीचा साखळदंड कुठाय?"

"अजून तापवला नाही."

"अर्धा दिवस सरत आला आणि तापवला नाही? महाराजांच्या हत्तीचं काम न्हाव्यांच्या मागे? किल्लेदारांना सांगू का?"

लोहाराचा हात थबकला. चार पिढ्यांत असं कुणी त्याच्या दारात बोललं नव्हतं. हातातला चिमटा टाकावा आणि माफी मागावी, असं त्याला वाटलं. पण साण थांबली नव्हती. बायकोच्या उजव्या हाताला तयार वस्तऱ्यांची रास होती, डाव्या हाताला थोडेच उरले होते.

"सांगा," लोहार म्हणाला. "सूर्यास्ताला या आणि माल मोजून घ्या."

हवालदार तणतणत गेला. लोहाराने साखळदंडाचं लोखंड भट्टीत घातलं. तो एकेक कडी ठोकत होता, तिकडे वस्तरे संपले आणि कुऱ्हाडींना धार चढली. शेवटची कडी जोडली तेव्हा साण मोकळी होती. घटकाभरात साखळदंडाची टोकं घासून झाली.

सूर्य अजून चांगला कासराभर वर होता. तिन्ही कामं गडावर चढली. दरवाजा उघडाच होता. किल्लेदाराने साखळदंड हातात घेतला, वस्तरा बोटावर पारखला आणि मान हलवली. आधी काय घडवलं, हे त्याने विचारलंही नाही.

भट्टी लोहाराच्या घरात राहिली. तिसऱ्या तुकडीलाही त्याने हाच क्रम लावला. मोठा घण मात्र पुन्हा भिंतीला टेकवून ठेवला.

तात्पर्य: काम मानाच्या क्रमाने लावलं तर हात रिकामे बसतात, कामाच्या क्रमाने लावलं तर दिवस पुरतो.