भिवरेची सहाण

उंबरसडा गावाच्या टेकडीवर, कडुनिंबाच्या पलीकडे हा जो काळा खडक आहे, त्याला भिवरेची सहाण म्हणतात. मधोमध खळगा बघा, आख्खी मूठ आत बसते. तो पाण्याने पडलेला नाही, घणानेही नाही. उगाळून उगाळून पडला आहे, आणि उगाळणारे सगळे हात सासवांचे होते. हसू आले तर खुशाल हसा, पण खडकावर पाय देऊ नका.

खालच्या रानात पूर्वी सगळी हळद असे. हळदीचे मोठे घर गयाबाईंचे. त्यांचा मुलगा रायाजी आणि त्याची बायको भिवरा. भिवरा सावळी होती असे सांगतात. खरे म्हणजे ती काळी होती, आणि त्यात शब्द चोरण्यासारखे काही नाही. हळद शिजवायच्या काहिलीपाशी भर उन्हात ती दिवस दिवस उभी राहायची. पहिली मुलगी झाली आणि भिवरेच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उमटले.

आता पंचाईत अशी, की गयाबाईंच्या लेपाची ख्याती चार गावांत. लग्न ठरलेल्या मुली त्यांच्याकडून वाटी भरून लेप न्यायच्या. अशा बाईच्या सुनेच्या गालावर डाग! गयाबाईंनी बजावले, की चैत्राच्या जत्रेपर्यंत तोंड उजळले नाही तर माहेरी धाडीन आणि रायाजीला दुसरी करून आणीन. रायाजी काय म्हणाला, असे पाहुणे विचारतात. तो बैलांना पाणी दाखवायला गेला होता. अशा वेळी त्याचे बैल फार तहानलेले असत.

मग सुरू झाले. दुधात उगाळलेले जायफळ झाले, आंबेहळद झाली, मसुराच्या डाळीचे भरड पीठ झाले. सगळ्यावर लिंबू पिळायचे, खसाखसा चोळायचे आणि धुऊन पुन्हा उन्हात कामाला जायचे. गाल आधी लाल झाले, मग सोलवटले, मग पहिल्यापेक्षा काळे पडले. गयाबाई म्हणत, चोळणे कमी पडते आहे. भिवरेने सगळे सोसले. नाहीतर लेकीला टाकून माहेरी बसावे लागले असते.

जत्रेच्या सकाळी ती पाणी घेऊन घरात आली, तर गयाबाई पाळण्याशी बसलेल्या. लेपाची वाटी हातात. तान्ह्या पोरीच्या गालावर पहिले बोट टेकले होते आणि पोर टाहो फोडत होती.

"काय करताय आत्याबाई?"

"आईवर गेलीया. आत्तापास्नं चोळलं तर सुधरंल."

भिवरेने लेकीला उचलले, सासूच्या हातातली वाटी काढून घेतली आणि भरल्या जत्रेतून चालत ती या खडकापाशी आली. मागून गयाबाई, त्यांच्या मागून सगळी जत्रा. भिवरेने वाटी खडकावर उपडी केली.

"ह्यो बी काळाच हाय," ती म्हणाली. "आधी ह्येला उजळवा. ह्यो गोरा झाला की मी गाल फुडं करीन. तवर माझ्या न् माझ्या लेकीच्या तोंडाला कुणी हात लावायचा न्हाई."

लोक हसले. गयाबाई हसल्या असत्या तर गोष्ट तिथेच संपली असती. पण चारचौघांत आपल्या लेपाला आव्हान! त्या पदर खोचून बसल्या. घरातून जायफळ मागवले, हळद मागवली, टोपलीभर लिंबे मागवली. चैत्राचे ऊन डोक्यावर घेऊन त्या खडक चोळत राहिल्या. इतर बायकांनीही आपापल्या घरची औषधे आणली. भिवरा निंबाच्या सावलीत लेकीला पाजत बसून राहिली. संध्याकाळी घागर ओतून खडक धुतला तेव्हा तो, म्हणे, सकाळपेक्षा काळा आणि तुकतुकीत दिसत होता.

गयाबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना उगाळता येईना. लिंबाच्या रसावर ऊन लागून त्यांच्या हातांना फोड आले होते, आणि फोड बसले तिथे काळे चट्टे पडत होते. जन्मभर त्यांनी लेप घरात बसून उगाळला आणि दुसऱ्याच्या तोंडाला लावला. आपल्या कातडीवर तो कधी उन्हात घेतलाच नव्हता.

भिवरेने कोरफडीचा गर आणून सासूच्या हातांवर ठेवला. "गार वाटंल," ती म्हणाली. "माझं गाल बी असंच जळत हुतं."

गयाबाईंनी तिला तो गर हातांवर पसरू दिला. मग त्यांनी नात मांडीवर घेतली. दुसऱ्या सुनेचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

ती नात मोठी झाली, आईसारखीच काळी. तिला बघायला पाहुणे आले आणि मुलाच्या आईने चाचरत म्हटले, "पोरगी गुणाची हाय, रंगानं जरा उजळ असती तर..." तेव्हा भिवरेच्या आधी म्हाताऱ्या गयाबाई उठल्या. त्यांनी त्या बाईचा हात धरून तिला इथे आणले, जायफळ पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "उगाळा. ह्यो उजळला की सांगा."

भिवरेचे वांग शेवटी गेले का, हा प्रश्न हमखास येतो. चोळणे थांबले तशी आग थांबली, सोलवटलेली कातडी भरून आली. वांग राहिले. ते घेऊनच ती म्हातारी झाली आणि दर जत्रेला पुढच्या रांगेत बसली.

आजही उंबरसड्यात मुलगी बघायला येणाऱ्या मुलाच्या आईला आधी टेकडी चढावी लागते. जायफळ उगाळायचे, खडकाला लावायचे, धुवायचे. मग मुलीची आई विचारते, "उजळला का?" समोरच्या बाईने सगळ्यांदेखत मोठ्याने "न्हाई उजळला" म्हटल्याशिवाय खाली पोह्यांची कढई चुलीवर चढत नाही. गेल्या साली एक शहरातल्या बाई पर्समध्ये गोरेपणाच्या क्रीमची ट्यूब घेऊन आल्या होत्या, होणाऱ्या सुनेला भेट म्हणून. गावाने त्यांनाही आदराने वर आणले. सगळी ट्यूब खडकावर चोळून झाली. खडक तुमच्या समोर आहे, बघून घ्या.