आठ भोकांचे बूट

"पण त्यांनी तर माझं कौतुकच केलं ना, बाई?"

द्वारकाबाईंनी टेबलावरची मिठाईची पेटी शलाकाकडे सरकवली. पेटीवर जांभळी फीत, फितीची गाठ अजून तशीच.

"सकाळी ओनो आला. तीनदा वाकला. पेटी ठेवली. म्हणाला, शलाका सेन्सेई माझ्यासाठी फार कष्ट घेतात, फार दमतात. आजच्या दिवस त्यांना विश्रांती द्यावी."

"मी कुठं दमले?"

"तू नाही. तो दमलाय."

असं ऐकून घ्यायची शलाकाला सवय नव्हती.

फलटणची शलाका निंबाळकर. इंग्रजीत एम. ए., विद्यापीठात पहिली. वादविवादाच्या ढाली इतक्या की आईनं शेवटी त्या कपाटाच्या माथ्यावर उपड्या रचून ठेवल्या. जपानात, कोबे शहरात येऊन तिला आठ महिने झाले होते. काम, इंग्रजी बोलायला शिकवणं. तिकडे शाळेत मुलं इंग्रजी वाचतात, लिहितात, परीक्षा देतात, पण तोंड म्हणून उघडत नाहीत. मग मोठेपणी, कुणी म्हातारपणी, अशा शाळांचा जिना चढतात. शिकवणाऱ्याला म्हणतात सेन्सेई. आपल्याकडे गुरुजी म्हणा नाहीतर बाई म्हणा, तसंच ते.

ही शाळा द्वारकाबाई कडूंची. बंदरामागच्या चढावर, धुलाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाई मूळच्या उरणच्या. शाळा चौथीपर्यंत. नवरा बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. त्याच्यामागून इथं आल्या आणि तो गेल्यावर इथंच राहिल्या. इंग्रजी शिकल्या खलाशांच्या खानावळीत भांडी घासताना, जपानी शिकल्या मासळीबाजारात घासाघीस करताना. कुठल्या कागदावर त्यांची विद्या लिहिलेली नाही. पदवीवाल्यांनी नाकं मुरडली. मुरडोत बापडे. चाळीस वर्षांत या बाईनं त्या शहरात किती तोंडं उघडली, ते मोजायला बसलं तर पदवीवाल्यांच्या हातापायांची बोटं पुरायची नाहीत.

"मग मी चुकले कुठं, ते तरी सांगा."

बाई फळा पुसत राहिल्या.

"माझ्या वर्गात कुणाची फजिती होत नाही, बाई. कुणी अडखळला की मी लगेच शब्द देते. वाक्य अडकलं की पुरं करून देते. त्यांना काय म्हणायचंय ते त्यांच्याआधी मला कळतं. आठ महिन्यांत एकाही माणसाला मी लाजेनं खाली बघू दिलेलं नाही."

हे तिनं मान ताठ करून सांगितलं. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"ओनोआजोबांना तर अख्खं भाषण लिहून दिलं..."

ओनोआजोबा एकाहत्तर वर्षांचे. उभा जन्म गोदीत जहाजं रंगवण्यात गेला. एकुलती मुलगी न्यूझीलंडला, आणि परवा तिचं तिथंच लग्न. तिकडची रीत अशी की मुलीच्या बापानं पंगतीत उभं राहून चार शब्द बोलायचे. ऐकणारे सगळे इंग्रजीवाले. त्या चार शब्दांसाठी म्हातारा पाच महिने हा चढ चढत होता. विमान उद्या. आजचा तास शेवटचा.

"काय लिहून दिलंस?"

"आज माझा ऊर अभिमानानं भरून आला आहे. अशी गुणी कन्या माझ्या पोटी जन्मली, हे माझं भाग्य."

"मग? काय म्हणाला?"

"हाय म्हणाले, म्हणजे हो. प्रत्येक वाक्याला हाय म्हणाले."

बाईंनी खिडकीबाहेर फडकं झटकलं.

"जपानी माणसाचं हाय म्हणजे ऐकलं. पटलं नव्हे. आपल्याकडे कीर्तनात म्हातारे हूं हूं करत बसतात, ते काय सगळे साधू होतात?"

बाईंनी फडकं खुंटीला अडकवलं.

"चार वाजता त्याचा तास मी घेते."

शलाकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजवर तिच्या हातून वर्ग कुणी काढून घेतला नव्हता. भर सभागृहात तिच्या तोंडचा शब्द कुणी काढून घेतला नव्हता.

"बाई, पाच महिने मी शिकवलंय त्यांना. शेवटचा तास तुम्ही घेतलात, तर मी शिकवलं ते सगळं फुकट गेलं म्हणायचं. मग मी इथं राहून तरी काय करू? मला हा एक तास द्या."

बाई हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत.

"खाली जाऊन बघ जरा, दारातली पाटी वाऱ्यानं पडलीय का."

जिन्याच्या वरच्या तोंडाशी पायरी होती आणि पायरीशी बूट ठेवायची फळी. तिकडे पायातलं कुणी आत नेत नाही. शलाकाचे बूट घोट्याच्या वर जाणारे, आठ आठ भोकांचे, लांब नाड्यांचे. ती पायरीवर बसली, बुटात पाय घातला, पहिली नाडी ओढली.

...आणि समोर द्वारकाबाई खाली बसल्या.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. गुडघा कट्ट वाजला. त्यांनी शलाकाचा बुटासकट पाय आपल्या मांडीवर घेतला आणि तिच्या बोटांतली नाडी काढून घेतली.

"बाई, हे काय करताय. माझ्या पायाला हात नका लावू."

"तुला वेळ लागतोय."

"अहो, पण..."

"तो दुसरा पाय दे. झालं. जा."

शलाका खाली गेली. पाटी जागच्या जागी होती. गाठ इतकी आवळलेली की पाय ठणकत होता. पायापेक्षा दुसरंच काही जास्त ठणकत होतं. ज्यांच्या पाया पडायचं, त्यांनीच आपल्या पायाशी बसावं... फलटणला हे कळलं असतं तर तिला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

वर येऊन ती बूट सोडायला वाकली, तर बाईंचे हात आधीच गाठीवर.

"पाटी ठीक आहे."

"बरं झालं. आता टपालपेटी बघून ये."

या वेळी शलाका घाईनं बसली. नाडी भराभर ओवायला लागली. तिसऱ्या भोकाशी बाईंची बोटं तिच्या बोटांवर येऊन आदळली. खानावळीत पिंपभर खेकडे फोडलेली ती बोटं. त्यांच्यापुढे कोण टिकणार?

"सोडा बाई. मला येतंय."

"माहितीये. सोड."

टपालपेटीत केशकर्तनालयाचं एक पत्रक होतं. शलाकानं ते वर आणून टेबलावर ठेवलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आता असं कर. खालच्या दुकानातून..."

"नाही."

शलाका पायरीवर मांडी घालून बसली. दोन्ही पावलं मांडीखाली दाबून धरलेली, शाळेत छडी खाणारं पोर हात दडवतं तशी.

"माझे बूट आहेत, बाई. पाच वर्षांची होते तेव्हापासून माझी नाडी मी बांधते. मला माझी गाठ लागते, तुमची रुतते. तुम्ही मला मदत करताय की माझा अपमान करताय, तेच मला कळेनासं झालंय."

"मी? मी तर तुला अडखळू दिलं नाही."

...

जिन्यात पावलं वाजली.

ओनोआजोबा आले. पायात नवे कोरे काळे बूट. लग्नासाठी घेतलेले, पायाला सवय व्हावी म्हणून आजच घालून आलेले. शलाकाला पाहून ते थबकले. मग बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीशी खुर्ची टाकून, पाठ करून, फळ्याची पेनं चालतात का ते एकेक घासून बघत होत्या. त्या वळल्या नाहीत.

आजोबा पायरीवर बसले. नवी नाडी, कडक गाठ. गोदीत आयुष्य गेलेली वाकडी बोटं. गाठ सुटेना.

शलाकाचे हात आपसूक पुढं झाले...

तिनं ते पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवून टाकले.

गाठ सुटायला बराच वेळ लागला. पण सुटली. आजोबांनी बूट जोडीनं फळीवर ठेवले, टोकं दाराकडे. मग येऊन तिच्यासमोर बसले. खिशातून घडी घातलेला कागद काढला. शलाकानं लिहून दिलेलं भाषण.

शलाकानं तो कागद घेतला आणि उलटा करून ठेवला.

"मुलीबद्दल सांगा," ती इंग्रजीत म्हणाली.

"माझी मुलगी..."

म्हातारा थांबला. शलाकाच्या जिभेवर अकरा शब्द तयार होते. अभिमान हा शब्द तर दातांपर्यंत आला होता. तिनं दात मिटले.

खाली धुलाईचं यंत्र घरघरत होतं.

आजोबांची मान खाली गेली. लाजले, असं तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की ते आपल्या हातांकडे बघताहेत.

"मी... जहाज रंगवतो. खालचा भाग."

...

"पाण्यात जातो, तो भाग. रंग... लाल."

त्यांनी सवयीनं तिच्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य तिच्याकडून यायची सवय. शलाका नुसती बघत राहिली. मान हलवली नाही, ओठ हलवले नाहीत, भुवईनंसुद्धा मदत केली नाही. वादविवादात समोरच्याची दाणादाण उडवताना तिला कधी घाम फुटला नव्हता. आता तळहात ओले झाले.

"कोणी बघत नाही. जहाज जातं. सगळे वरचा पांढरा बघतात."

खालचं यंत्र थांबलं. खोलीत आता बाईंच्या पेनाची खरखर तेवढी. तीही थांबली.

"मुलगी लहान. शाळेतून येते. जहाज जातं. मुलगी सगळ्यांना सांगते, खाली लाल आहे. लाल माझ्या बाबांचं."

...

"परवा... मुलगी पांढरा पोशाख घालते. सगळे पांढरा बघतात."

म्हातारा थांबला. या वेळी त्यानं मदतीसाठी वर पाहिलं नाही. शब्द कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं, तिथवर चालत जायचं होतं इतकंच. तो त्याच्या चालीनं गेला.

"मी... लाल बघतो."

काळ मोडलेले, वचनं मोडलेली. विद्यापीठात पहिली आलेल्या मुलीला त्यात दुरुस्त करण्याजोगं काही सापडलं नाही.

आजोबांनी पाठ ताठ केली. आपण रंगवलेलं जहाज पाण्यात उतरताना धक्क्यावर उभा राहणारा माणूस असाच उभा राहत असेल. हाय म्हणाले नाहीत.

"झालं," म्हणाले. इंग्रजीत.

मग त्यांनी तेच पुन्हा एकदा म्हटलं, सुरुवातीपासून. तितकाच वेळ घेऊन. मग आणखी एकदा.

तास संपल्यावर ते टेबलापाशी गेले. पेटीवरची जांभळी फीत त्यांनी स्वतः सोडली. आत पाकळ्यांच्या आकाराची लाल घेवड्याची मिठाई. एक बाईंना दिली, एक शलाकाला, एक स्वतः तोंडात टाकली. लग्नाआधीच लग्नाचं तोंड गोड झालं. भाषणाचा कागद टेबलावर उलटाच राहिला. कुणी त्याची आठवण काढली नाही.

पायरीवर बसून त्यांनी नवे बूट चढवले, आपल्या हातानं गाठ मारली, उठून उभे राहिले.

"शलाका सेन्सेई, दमलात?"

"नाही."

"मीपण नाही."

म्हातारा हसला आणि जिना उतरला. शलाका वाकली. आठ महिन्यांत ती शेकडो वेळा वाकली होती, दर वेळी किती वाकायचं ते मोजून. आज मोजायचं राहून गेलं.

म्हातारा चढावरून दिसेनासा होईतो ती खिडकीत उभी राहिली. अशी उभी राहिली की जणू ते भाषण तिच्याच बापानं केलं होतं.

मग तिनं पिशवी घेतली, पायरीवर बसली आणि आपले बूट पुढं ओढले. बाई फळीला टेकून उभ्या होत्या. हात पाठीमागे.

"बाई."

"हं."

"आज कळलं मला. शिकवणं म्हणजे..."

नाडी चौथ्या भोकाशी थांबली. पुढचा शब्द येईना. इंग्रजीत येईना, मराठीतही येईना. कपाटाच्या माथ्यावरच्या सगळ्या ढाली फलटणला राहिल्या होत्या.

"शिकवणं म्हणजे, बाई..."

तिनं मान वर करून पाहिलं.

द्वारकाबाई गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या. पदर सारखा केला. दोन्ही हात मांडीत ठेवले.

"होऊ दे सावकाश. मला कुठं बोट गाठायचीय."