विस्तव कोणाच्या घरचा

पूर्वी वेणुवती नगरात जयसेन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या कुंभारआळीत आर्यक नावाचे वृद्ध कुंभार होऊन राहत होते. त्यांचे हात थरथरू लागले होते, म्हणून त्यांनी चाकावर बसणे सोडले होते. पण आळीतून फेरी मारायची सवय काही सुटली नव्हती.

शरद ऋतू आला की त्या आळीत कोणाला मान वर करायला सवड नसे. पाऊस थांबलेला असे, नदीकाठची माती पुन्हा खणण्याजोगी झालेली असे आणि पौर्णिमेचा कौमुदी उत्सव जवळ आलेला असे. त्या वर्षी राजाने नगराच्या सगळ्या तटावर दिवे लावायचे ठरवले. पणत्यांचे काम भद्रक नावाच्या तरुण कुंभाराला मिळाले. पौर्णिमेच्या आत पणत्या नीट उतरल्या, तर राजवाड्याचे कायमचे काम आणि नदीकाठचा जमिनीचा तुकडा त्याचा होणार होता. भद्रक आणि त्याची बायको तरला दुसऱ्याच्या पडवीत राहत होती. त्यामुळे भद्रकाला त्या दिवसांत चाकापलीकडचे काही दिसेनासे झाले.

तो पणत्या करी आणि भिंतीलगत फळ्यांवर मांडी. तरला नदीवर माती तुडवायला जाई. शरदाचे ऊन कडक असते. भिंतीची सावली अर्ध्या फळीवर पडे, म्हणून ओल्या पणत्या दुपारी फिरवाव्या लागत. नाहीतर एक कड आधी वाळते आणि भाजताना पणती तडकते. भद्रकाला वाटे, तरला येता-जाता फिरवते. तरलेला वाटे, भद्रक फिरवतो. पणत्या तर रोज फिरवलेल्याच दिसत.

त्या फिरवीत ते आर्यक. पाण्याचे मडके भद्रकाच्या हाताशी सरकवून ठेवीत, फळ्यांकडे येणाऱ्या शेळ्या हाकलीत, त्याच्या पाठीवर ऊन आले की दोरीवरचे तरट पुढे ओढीत. समोरच्या घरातली धारिणीआजी पेजेचा वाडगा ठेवून जाई. भद्रक पेज पिई आणि वाडगा बाजूला सारी. वाडगा कोणाचा, हे त्याने एकदाही पाहिले नाही.

एके दिवशी त्याला पणत्यांच्या कडांवर अंगठ्याचे ठसे दिसले. तो चिडून उठला, तर फळीपाशी आर्यक उभे.

"काका, हे तुम्ही करताय होय? हात थरथरतात तर घरी बसावं ना! गुळगुळीत कड काढायला मी इथं मरतोय आणि तुम्ही अंगठे उमटवत फिरताय!"

"पोरा, ऊन एका अंगाला फार—"

"ऊन मला कळतं. राजाला काय सांगू? दिवे नका बघू महाराज, आमच्या काकांचे अंगठे बघा?"

आळीतली माणसे हसली. आर्यकही थोडे हसले, पण त्यांनी हात उपरण्यात घेतले. "बरं बाबा. राहिलं," एवढेच म्हणून ते निघून गेले. त्यानंतर त्यांनी आपली फेरी दुसऱ्या वाटेने सुरू केली.

पुढच्या दिवसांत भद्रकाला पाण्यासाठी सारखे उठावे लागू लागले. शेळीने एक फळी उलथली. पाठ भाजू लागली. या वर्षी कामच असे अवघड आहे, असे त्याला वाटले.

पणत्या भाजायचा आवा रचून झाला. त्या आळीत एक रीत होती. आवा स्वतःच्या चुलीच्या विस्तवाने पेटवायचा नाही. त्या हंगामात ज्याने आपल्यासाठी काही केले, त्याच्या घरचा विस्तव खापरात मागून आणायचा आणि त्याने काय केले ते सगळ्यांसमोर सांगायचे. सगळी आळी जमली.

"कोणाकडून आणतोस रे?" धारिणीआजीने विचारले.

भद्रकाने घाम पुसला. "कोणाकडून आणू? या खेपेला सगळं माझ्याच हातांनी झालंय."

"बघ हं, आठवून बघ. कोणी तांब्याभर पाणीसुद्धा दिलं नाही?"

"दिलं असेल आजी. मी कामात होतो."

तरला हळूच म्हणाली, "अहो, असं नका बोलू." पण त्याने पडवीतल्या चुलीतूनच निखारे आणले आणि आवा पेटवला. एकेक जण उठून घरी गेला.

आवा थंड झाल्यावर भद्रक पणत्या काढू लागला. वरच्या थरातली पहिली पणती हातात दुभंगली. दुसरीला कडेपासून तळापर्यंत तडा होता. वरचा सगळा थर तसाच. तो घाबरून खाली हात घालू लागला. खालच्या पणत्या अखंड होत्या, लाल, खणखणीत. त्याने एक उन्हात धरली. कडेवर अंगठ्याचा ठसा होता. दुसरीवरही होता. जिच्यावर ठसा होता ती टिकली होती. ज्या पणत्यांच्या कडा गुळगुळीत होत्या, त्या तडकल्या होत्या.

"तरला, दुपारी पणत्या तू फिरवत होतीस ना?"

"मी? मी तर नदीवर असायचे. तुम्हीच फिरवत होता ना?"

भद्रक खाली बसला. मग त्याला मडके आठवले, तरट आठवले. शेळ्या कशा येईनाशा झाल्या होत्या आणि पुन्हा कधी येऊ लागल्या, ते आठवले. पेजेचा वाडगा अजून चाकापाशी पडला होता. तो धुऊन परतही केला नव्हता. त्याचे कान तापले. आळीकडे पाहण्याचे धैर्य त्याला होईना.

तेवढ्यात राजाचा अमात्य पणत्या पाहायला आला. फुटलेला ढीग पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. आर्यक आळीत सर्वांत वडील, म्हणून त्याने त्यांना बोलावले.

"हा कुंभार निष्काळजी दिसतो. तुमचा जावईही चांगला कारागीर आहे म्हणतात. तुम्ही फक्त हो म्हणा, काम आणि जमीन त्याला देतो."

आर्यकांची मुलगी आणि जावईही भाड्याच्या खोपटातच राहत होती. तरी ते म्हणाले, "अमात्यजी, पोराची माती चांगली आहे, हातही चांगला आहे. घाईत कोणाचंही असं होतं. पौर्णिमेला अजून अवकाश आहे. उरलेल्या पणत्यांना आम्ही सगळे हात लावू."

भद्रकाला आता गप्प राहणे सोपे होते. काम वाचेल असे दिसत होते. पण तो पुढे आला. "अमात्यजी, माझं नुसतं कामच चुकलं नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "ज्या पणत्या टिकल्या, त्या या काकांमुळे टिकल्या. मी त्यांना चारचौघांत हाकलून दिलं. तटावर दिवे लागतील तेव्हा हे ठसेही दिसू देत; ते मी घासून काढणार नाही."

अमात्याने पौर्णिमेपर्यंत मुदत दिली. सगळी आळी कामाला लागली आणि दुसरा आवा रचला गेला. मग भद्रक खापर घेऊन आर्यकांच्या दारात गेला आणि तिथेच थांबला. त्याच्याने आत जाववेना.

"विस्तव हवा ना?" आर्यक आतून म्हणाले. "मग दारात पाहुण्यासारखा काय उभा?"

त्यांनी थरथरत्या हातांनी चुलीतले निखारे खापरात घातले. रीतीप्रमाणे भद्रकाने सगळ्यांसमोर सांगायला सुरुवात केली. पणत्यांचे सांगितले, मडक्याचे सांगितले. मग तरट, शेळ्या, मग धारिणीआजीची पेज. एक सांगताना दुसरे आठवे. मध्येच त्याला रडू येई आणि तो थांबे. शेवटी त्याने खाली पाहिले, तर खापरातल्या विस्तवाची राख झाली होती.

"झालं!" धारिणीआजी म्हणाली. "आधी एक शब्द फुटेना, आता आवा पेटू देत नाही."

सगळे हसले. आर्यकांनी खापर पुन्हा भरून दिले. "चल आता," ते म्हणाले. "उरलेलं वाटेत सांग."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली. तेव्हाही शरदच होता आणि भिक्षूंची चीवरे शिवण्याची घाई चालू होती. सुनाग नावाच्या भिक्षूने आपले चीवर सर्वांत आधी पुरे केले होते आणि ते दाखवीत तो म्हणाला होता, "मला कोणाचीच मदत लागली नाही." रोज त्याच्या सुईत दोरा ओवून ठेवणारा म्हातारा भिक्षू मागेच बसला होता.

शास्ते म्हणाले, "तेव्हाची तरला आज या विहारात पाणी भरणारी उपासिका आहे. धारिणी म्हणजे हा दोरा ओवणारा वृद्ध भिक्षू. आर्यक मी होतो. आणि भद्रक—"

शास्ते थांबले. सुनागाने चीवर मांडीवर ठेवले. त्याला मान वर करता येईना.

"भंते," तो म्हणाला, "भद्रक मी होतो."

"हो," शास्ते म्हणाले. "आणि विस्तव मागायलाही तूच आला होतास."

सुनाग उठला आणि मागे वळून त्या म्हाताऱ्या भिक्षूसमोर बसला. दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले ओळखणे, आणि ओळखले नाही याची लाज वाटणे, या गुणाला कृतज्ञता म्हणतात.