काठावर सुकलेली नाव

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एवढी जुनी, की त्या नदीवर पूल बांधावा असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव, आणि दोन्ही गावांची ये-जा एका नावाड्याच्या भरवशावर.

नावाडी अंगाने धिप्पाड. भरल्या नदीतून वीस उतारू नेताना त्याला कधी धाप लागली नाही. तब्येत नावाची काही गोष्ट असते आणि तिची काळजी करायची असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. अशाच माणसांना भीती एकदा भेटली की ती मुक्कामालाच राहते, बरं का.

झालं असं, की वरच्या घाटावर दुसरा एक नावाडी होता, याचा लहानपणापासूनचा जोडीदार. एके दुपारी भाकरीचा घास हातात असतानाच त्याने छातीवर हात ठेवला, आणि तो गेला. आमच्या नावाड्याने त्याला खांदा दिला. घरी येऊन आंघोळ केली. अंग पुसता पुसता त्याचा हात आपल्याच छातीवर थबकला. आत काहीतरी धडधडत होतं. जन्मल्यापासून धडधडतच होतं, पण त्याने ते आज पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवसापासून त्याचा उजवा हात छातीवरून हलेना. जेवताना ठोके मोजायचे, बोलताना मोजायचे. मोजलं की भीती वाटे, भीती वाटली की धडधड वाढे, आणि वाढली म्हणून हा पुन्हा मोजे.

"अगं, माझा चेहरा पांढरा पडलाय का?" तो बायकोला विचारी.

"नाही हो. चांगला आहे की!"

घटकाभर त्याला बरं वाटे. मग पुन्हा तोच प्रश्न. शेवटी शेवटी ती बिचारी चुलीकडे तोंड करूनच "नाही हो" म्हणू लागली. तेव्हा तिने नीट बघितलंच नाही, ही त्याला नवी धास्ती.

गावात एक म्हातारे वैद्यबुवा होते. जिभेचे तिखट, पण हाताला गुण असलेले. नावाडी पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी त्याची नाडी पाहिली, डोळे पाहिले, जीभ पाहिली, अंगणात पाच फेऱ्या धावायला लावून पुन्हा नाडी पाहिली. "काही झालेलं नाही तुला. जा, नाव चालव," ते म्हणाले. नावाडी आनंदाने निघाला. देवळाच्या पायरीपर्यंत तो आनंद टिकला. तिथे त्याच्या मनात आलं, नाडी बघताना वैद्यबुवा खिडकीबाहेर तर बघत नव्हते? तो तिथूनच मागे फिरला. त्या एका महिन्यात तो नऊ वेळा जाऊन आला.

वल्हं मारताना छाती जास्त धडधडते, म्हणून त्याने एक दिवस वल्हं मारणंच सोडलं. नाव ओढून काठावर उपडी घातली. वरच्या घाटावर आता कुणीच नव्हतं. लोक बैलगाडीने दोन दिवसांचा वळसा घालून, जिथे पाणी उथळ होतं त्या खडकाळ उतारावरून नदी पार करू लागले. नावाडी अंगणात बसून छातीचे ठोके मोजू लागला, आणि चैत्राचं ऊन नावेवर तापू लागलं.

अशातच पलीकडच्या गावाहून वळसा घालून एक बांगड्या विकणारी बाई आली. नावाड्याची एकुलती एक लेक त्या गावात दिली होती. तिला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं.

"तिची सासू म्हणते, खडकांच्या वाटेने गाडीतून पोरीला पाठवणार नाही. नावेने नेत असाल तर न्या," बाई म्हणाली. "आणि पोर रोज सकाळी नदीवर येऊन बसते हो. बाबा येतील म्हणते."

नावाडी उठला. तो तडक वैद्यबुवांकडे गेला.

"छाती धडधडणारच नाही असं काही औषध द्या, वैद्यबुवा!"

"आहे की. पण ते घेतलेला माणूस पुन्हा उठत नाही," वैद्यबुवा म्हणाले. मग त्यांनी काठी उचलली. "चल, तुझी नाव दाखव मला."

चार शेजारी हाताशी घेऊन नाव पाण्यात ढकलली. ढकलली मात्र, दहा ठिकाणांहून पाणी आत येऊ लागलं. वैद्यबुवा धोतर सावरत मागे सरले. "अरे, बुडाली ही! काढ, काढ बाहेर!"

नावाडी हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

"बाहेर काढली तर आणखी बिघडेल, बुवा. काठावर पडून पडून फळ्या आकसल्यात, म्हणून फटी पडल्यात. राहू द्या तिला पाण्यात. दोन दिवसांत लाकूड फुगेल आणि फटी मिटतील."

"मग थेंबही येणार नाही आत?"

"थेंब येणारच. लाकडाची नाव आहे. सकाळी एकदा उपसायचं, संध्याकाळी एकदा. मधे उपसत बसलं तर वल्हं कोण मारणार?"

वैद्यबुवा नुसते त्याच्याकडे बघत राहिले. हळूहळू नावाड्याचं हसू मावळलं. त्याने आपला उजवा हात छातीवरून खाली घेतला.

"तुला सगळं कळतं, पण नावेपुरतंच," वैद्यबुवा मऊ आवाजात म्हणाले. "सकाळी एकदा छातीवर हात ठेव, संध्याकाळी एकदा. मधे ठेवावासा वाटला तर आधी हातातलं काम पुरं कर. बायकोला चेहरा विचारायचा नाही, आणि विचारलास तर तिने उत्तर द्यायचं नाही. खरंच काही नवं दुखलंखुपलं तर खुशाल ये, मी तपासीन. पण कालचंच आज विचारायला येऊ नकोस."

दोन दिवस नाव पाणी पीत राहिली आणि नावाडी धडा गिरवत राहिला. पहिल्या दिवशी तो गोठ्यामागे लपून तीनदा मोजून आला. बायकोने पाहून न पाहिल्यासारखं केलं. चेहऱ्याचं विचारलं की ती त्याच्या हातात घागर द्यायची, "आधी भरून आणा." घागर भरून येईपर्यंत प्रश्न कधी विरलेला असे, कधी नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने नाव सोडली. तो घाबरलेला होता, खोटं कशाला सांगू? पण गेला. लेकीला हात धरून नावेत बसवलं आणि परत फिरला.

मधल्या धारेला ओढ फार होती. वल्ह्याला जोर लावला तशी छातीत धडधड सुरू झाली, आणि सवयीने उजवा हात वल्हं सोडून छातीवर गेला. नाव गर्रकन वळली आणि खालच्या खडकांकडे निघाली. लेक ओरडली, "बाबा!"

त्याने झटकन वल्हं धरलं. "धडधडायचं तर धडधड," तो दातओठ खात पुटपुटला, "मला पोरीला घरी न्यायचंय." दोन्ही हातांनी त्याने नाव धारेबाहेर काढली.

थोड्या वेळाने लेक खाली बघत म्हणाली, "बाबा, नावेत पाणी येतंय. माझ्या पायाला लागतंय."

"येऊ दे गं बाळे. लाकडाची नाव आहे, थोडं येणारच. काठाला लागलो की उपसू."

बोलून गेला आणि आपलेच शब्द त्याच्या कानावर पडले. छाती अजून धडधडत होती. पण अलीकडचा काठ दिसू लागला होता, काठावर बायको उभी होती, आणि तो वल्हं मारत राहिला.

दोन महिन्यांनी त्याला नात झाली. दोन्ही गावांची ये-जा पुन्हा सुरू झाली. भीती गेली का? कायमची नाही गेली. अधूनमधून ती येई आणि एका कोपऱ्यात बसे. तो तिला उतारूसारखं बसू देई, वल्हं मात्र तिच्या हाती देत नसे.

तात्पर्य: शरीराची खबर वेळच्या वेळी घ्यावी, पण मरणाच्या भीतीने जगणं काठावर सुकत घालू नये.