वेणा आणि दगडाची होडी

एका राज्यात राजाचा महाल ठेंगणा होता आणि हैबतराव सरदाराची गढी उंच होती. खुद्द राजा गढीसमोरून जाताना घोड्यावरून खाली उतरे. कारण गढीच्या तळघरात सोन्याने भरलेले सात रांजण होते. ते सोने कुणी पाहिले नव्हते. त्यातले गुंजभरही कुणी कधी खर्चले नव्हते. पण ते आहे, एवढे सगळ्यांना ठाऊक होते, आणि तेवढे पुरत होते.

हे धन हैबतरावाच्या पणजोबाने काळभट नावाच्या मांत्रिकाकडून बांधून घेतले होते. काळभटाने दोन अटी घातल्या. पहिली अट अशी, की या घरची एक लेक रांजणांपाशी पाटावर बसेल. ती थकली की दुसरी बसेल. पाट रिकामा पडता कामा नये. दुसरी अट अशी, की घरच्या लेकीने हे परक्याच्या कानावर घालता कामा नये. घातले की मंत्र सुटला.

“आणि लेक पळाली तर?” पणजोबाने विचारले.

“पळू दे,” काळभट म्हणाला. “दिवेलागण झाली की तिचे पाय आपोआप घराकडे वळतील.”

दुसरी अट लेकींना कुणी सांगितली नाही. त्यांना बोलता येऊ लागले की आधी एक वाक्य शिकवीत : आमच्या घरी सगळं ठीक आहे. पाहुणा विचारो, कासार विचारो, दारात आलेला गोसावी विचारो, उत्तर हेच. देवाचे नाव त्यानंतर शिकवीत.

हैबतरावाची लेक वेणा. तिला विसावे वर्ष लागले होते. त्या वेळी पाटावर हैबतरावाची थोरली बहीण बसलेली होती, सगुणा. वेणाची आत्या. एकोणचाळीस वर्षे ती तिथे होती. वेणा रोज दुपारी नव्वद पायऱ्या उतरून तिचे ताट घेऊन जाई. आत्या जेवे, मग वेणाला पुढ्यात घेऊन तिची वेणी घाली, आणि विचारी, “आज ऊन कसं आहे गं?” वेणा सांगे. आत्या डोळे मिटून ऐके.

एके दिवशी रांजणांची झाकणे खडखडू लागली. पाटावरची थकली, याची ती खूण होती. हैबतरावाने जोशाला विचारले आणि जेवताना सांगितले, “येत्या अष्टमीला वेणा बसेल.”

आईने वेणाच्या ताटात तूप वाढले. म्हणाली, “बसायचंच तर आहे. ऊन नाही, वारा नाही, सासू नाही. तुला काय कमी पडणार आहे?”

वेणाने भात कालवला. त्या घरात ताटावर बसून कुणी उलट बोलत नसे.

सप्तमीला भर दुपारी ती आत्याचे ताट घेऊन खाली गेली. आत्याने त्या दिवशी ऊन विचारले नाही. भाकरी तिने फडक्यात बांधली आणि वेणाच्या हातात दिली.

“ही तुला. जा.”

“आत्या, आणि तू?”

“मी आहे अजून बसलेली. मी बसलेय तोवर चालून घे. उत्तरेला नदी आहे. पलीकडे धवलराजाचं राज्य. तिथे आसरा देतात म्हणे.”

“कुणी सांगितलं तुला?”

“मी पळाले होते तेव्हा ऐकलं होतं,” आत्या म्हणाली. “माझी मजल एका संध्याकाळपुरती. तू दिवेलागणीला स्वतःला बांधून घे.”

गढीतले पुरुष दुपारचे झोपले होते. वेणा गोठ्याच्या दाराने बाहेर पडली.

उरलेला दिवस ती चालली. ऊन कलले, कुठल्याशा वस्तीत दिवे लागले, आणि तिचे पाय थांबले. मग ते वळले. पोटातून कुणी दोरी ओढावी तसे झाले. आईची हाक आली, अगदी कानाशी : वेणे, ये गं, पानं वाढलीत. वेणा पन्नास पावले मागे चालत गेली तेव्हा तिला शुद्ध आली. तिने बोरीच्या खोडाला मिठी मारली, लुगड्याचा पदर कमरेशी आणि खोडाशी आवळला, आणि काटे टोचत असताना रडली. अंधार पूर्ण पडल्यावर ओढ सुटली. दुसऱ्या संध्याकाळी पळसाला बांधून घेतले. तिसऱ्या संध्याकाळी नुसते माळरान होते, एकही झाड नव्हते. त्या संध्याकाळी ती अर्धा कोस मागे गेली आणि सकाळी तोच अर्धा कोस पुन्हा चालली.

चौथ्या दिवशी सकाळी नदी लागली. काठावर दगडाची होडी होती. अखंड काळ्या दगडाची. होडीच्या टोकावर एक टिटवी उभी होती.

“आलीस?” टिटवी म्हणाली. “पाय पूस आणि बस.”

“टिटवीबाई, दगडाची होडी तरते कशी?”

“बसणारा खरं बोलला की तरते. पैल काठावर महाराज उभे राहतात, एकच प्रश्न विचारतात. खरं बोललीस तर पलीकडे. नाही बोललीस तर तळाशी. तीन दिवस, तीन वेळा. चौथी वेळ नाही. आम्हाला दुसरी कामं आहेत.”

पैल काठावर पांढऱ्या दाढीचा धवलराजा आला. छत्र नाही, चवरी नाही. पाण्यावरून त्याचा आवाज शेजारी बसल्यासारखा येत होता.

“मुली, कशाला आलीस?”

वेणा होडीत ताठ बसली. तोंड उघडले. आणि लहानपणापासून जे तोंडात होते तेच बाहेर आले.

“महाराज, आमच्या घरी सगळं ठीक आहे. वडील कडक आहेत, पण मनाने चांगले आहेत. मी आपली... देश बघायला निघाले.”

होडी जात्यासारखी खाली गेली. वेणा गळ्याएवढ्या पाण्यातून धडपडत काठावर आली. मागोमाग होडी आपली आपण वर आली.

“सगळं ठीक म्हणे!” टिटवी पंख झटकत म्हणाली. “ठीक असलेल्या घरची पोर चार दिवस बोरीबाभळीला बांधून घेत येते होय? महाराजांसमोर तरी घर झाकू नको.”

त्या संध्याकाळी वेणाने स्वतःला होडीच्या खुंटीला बांधले. रात्र पडेपर्यंत तिचे पाय वाळूत घराच्या दिशेने चर खणत राहिले.

दुसऱ्या दिवशी राजाने तेच विचारले. “मुली, कशाला आलीस?”

वेणाने ठरवले होते, की आज झाकायचे नाही. तिने दात आवळले.

“महाराज, माझा बाप राक्षस आहे. आई दगड आहे. त्या घरात मला कुणी एक घास मायेनं दिला नाही. ती गढी जळो. मला तिथली कुणाची आठवण येत नाही!”

होडी कालच्यापेक्षा वेगाने बुडाली.

वेणा काठावर येऊन खोकत पडली. “आज तर मी वाईट सांगितलं,” ती म्हणाली. “आज का बुडाली?”

“काल नुसती साखर, आज नुसती मिरची,” टिटवी म्हणाली. “होडी तुझ्या बापाच्या बाजूची नाही आणि तुझ्याही नाही. दगड आहे तो.”

“मग सांगू तरी काय?”

“ते मला विचारतेस? मी पाखरू.”

संध्याकाळ झाली. पैल काठावरच्या गावात दिवे लागले. वेणाचे पाय वळले, खुंटीला बांधलेला पदर ताणला गेला. टिटवी जवळ येऊन बसली.

“आता कोण बोलावतंय?”

“आई.”

“काय म्हणते?”

“जेवायला ये म्हणते. भरीत केलंय. त्यात ती दाण्याचं कूट घालते, वरून फोडणी देते. पहिला घास मला देते. मीठ बघ म्हणून.”

“मग जावंसं वाटतं?”

वेणाने पदराची गाठ चाचपली. “वाटतं,” ती म्हणाली. “इतकं वाटतं की पदर फाडून जावं. पण गेले तर पुन्हा बाहेर पडायची नाही.”

“हे महाराजांना का सांगत नाहीस?”

“हे कसं सांगायचं? पळून आलेय आणि आईसाठी रडते! हसतील मला. म्हणतील, एवढी माया आहे तर घरी जा.”

टिटवी एका पायावर उभी राहिली. “मला काही हसू आलं नाही,” ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर घोड्यांच्या टापा वाजल्या. हैबतराव आला होता. बरोबर दहा स्वार. वेणा होडीत जाऊन बसली होती. होडी अजून काठाशी होती, हात लांब केला तर बापाचा हात लागेल इतकी जवळ.

“वेणा, ऊठ,” हैबतराव म्हणाला. “तू गेल्यापासून आईनं अन्न घेतलं नाही.”

वेणाने होडीची कड घट्ट धरली. ती उठली नाही.

हैबतरावाने पैल काठाकडे पाहिले. “महाराज, ही माझी लेक. हा घरचा मामला आहे. आपण यात पडू नये.”

“मी कुठे पडलो?” धवलराजा म्हणाला. “ती होडीत बसली आहे. होडीतल्या माणसाला मी एकदा विचारतो. हा माझ्या बापजाद्यांचा नेम आहे.”

“खुशाल विचारा. माझ्या घरची लेक आहे. काय सांगायचं ते तिला माहीत आहे.” हैबतराव वेणाकडे वळला. “सांग त्यांना, घरी काय कमी आहे?”

राजाने विचारले, “मुली, कशाला आलीस?”

“आमच्या घरी...” वेणा म्हणाली आणि थांबली. होडीच्या कडेला पाणी लागले होते. आणखी तीन शब्द, की तळ.

तिने श्वास घेतला.

“आमच्या घरी तळघर आहे, महाराज. तिथे सात रांजण आहेत. त्यांच्याजवळ माझी आत्या एकोणचाळीस वर्षं बसली आहे. तिनं तेवढी वर्षं ऊन पाहिलं नाही. तिच्या जागी मला बसवणार होते. म्हणून आले.”

होडी वीतभर वर आली. हैबतराव ओरडला, “गप्प बस!” त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“आईनं मला वाचवलं नाही,” वेणा म्हणाली. “तूप वाढलं. तरी मला तिची आठवण येते. रोज संध्याकाळी येते. आबांचीही येते. मी पाच वर्षांची असताना त्यांनी मला खांद्यावर घेऊन अख्खी जत्रा दाखवली. खाली उतरवा म्हटलं तरी उतरवलं नाही. त्याच माणसानं अष्टमी ठरवली. मला दोन्ही आठवतं. मला घरी जावंसं वाटतं, महाराज, आणि मी जाणार नाही.”

दगडाची होडी पिसासारखी हलकी झाली. तिला वल्हे नव्हते. ती सरळ पैल काठाकडे निघाली. हैबतरावाने पाण्यात दोन पावले टाकली, हात पुढे केला. पण तो हात तिला धरायला होता की नुसताच, ते त्यालाही कळले नाही. तो पाण्यात उभा राहिला.

त्याच घटकेला तिकडे गढीत साती रांजण एका आवाजाने तडकले. सोने पाण्यासारखे वितळले आणि जमिनीत मुरले. त्या मुलखातल्या विहिरींना पुढे तीन वर्षे पिवळसर पाणी येत होते, आणि ते गोड होते. सगुणा पाटावरून उठली. नव्वद पायऱ्या चढायला तिला दीड दिवस लागला. वाटेत तिला कुणी अडवले नाही, कारण आता राखायला काही उरले नव्हते.

धवलराजाने वेणाला काठावर उतरवून घेतले. “या राज्यात राहा,” एवढेच म्हणाला आणि तिला एक घर आणि एक विहिरीचा वाटा दिला.

त्या संध्याकाळी दिवे लागले. वेणाने सवयीने खांब धरला. पाय जागचे हलले नाहीत. हाक आली नाही. वारा होता तेवढाच. ती खांब सोडून ओट्यावर आली आणि दक्षिणेकडे तोंड करून बसली. टिटवी नदीवरून आली होती, ती म्हणाली, “आता मंत्र सुटला ना? मग तिकडे काय बघतेस?”

“हे मंत्राचं नाही,” वेणा म्हणाली. “हे माझं आहे.”

वर्ष गेले. एके दिवशी टिटवी ओरडत आली, की होडीत एक म्हातारी बसली आहे आणि महाराजांनाच उलट बोलते आहे. वेणा धावत काठावर गेली. आत्या होती. काठी, सुजलेले पाय, उन्हाने रापलेले तोंड.

राजाने विचारले होते, “बाई, कशाला आलात?” आणि आत्याने सांगितले होते, “आसरा नको. रस्ता हवा.” होडी तीरासारखी आली होती.

वेणाने तिला घरी नेले, पाय धुतले, जेवू घातले. आत्या दोन भाकऱ्या जेवली आणि तिसरी बांधून घेतली.

“आई कशी आहे?”

“विहिरीवर जाते. बायकांशी बोलते. पूर्वी बोलायची नाही, आता थांबत नाही. तुझं विचारते, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना.”

“आणि आबा?”

“तो विचारत नाही. ती विचारते तेव्हा दाराआड उभा राहून ऐकतो. आपला राजा आता गढीसमोरून घोड्यावर बसूनच जातो. हैबत त्याला मुजरा करतो. शिकला.” आत्या पाणी प्यायली. “आता तिथे कुणी कुणाला बसवत नाही. जाशील परत?”

वेणाने विचार केला. “एकदा जाईन. पाहुणी म्हणून. उन्हं असताना जाईन आणि उन्हं असतानाच निघेन.”

“बरं.” आत्या काठी घेऊन उठली.

“आत्या, बस ना गं. राहा इथे. मी किती वाट पाहिली तुझी!”

“सगळं म्हण,” आत्या म्हणाली, “पण मला बस म्हणू नकोस.”

वेणा तिच्याबरोबर वेशीपर्यंत गेली. पुढे रस्ता उघड्या माळावरून डोंगराकडे जात होता. आत्याने मागे वळून पाहिले नाही. तिला तेवढी फुरसत नव्हती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघण्यासारखे बरेच होते. डोंगराच्या सावलीत तो ठिपका दिसेनासा झाला, तरी वेणा उभीच होती. मग ती घरी आली आणि स्वतःपुरता स्वयंपाक केला.

गढीच्या त्या राज्यात पुढे राजा राजासारखा राहिला, सरदार सरदारासारखा राहिला, आणि लेकी दारातून आल्या-गेल्या. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी तळघर असेल, तर त्याने उद्या सकाळीच जाऊन त्याचे दार उघडावे. कहाणी इथे थांबली.